डॉक्टरांच्या मोटारीचं ऑइल

विश्रांतवाडी, पुणे
रविवार, ९ जुलै २००६

तीर्थरूप अण्णा,

पाया पडते. पत्र बघून कपाळाला आठ्या घालू नका. फोन केला की तुम्ही "घे, तुझ्या लेकीचा हाय" म्हणून रिसीव्हर आईच्या हातात देता आणि गॅरेजात निघून जाता. पत्राचं तसं नाही. आईला वाचता येत नाही, म्हणजे ते तुम्हालाच मोठ्यानं वाचून दाखवावं लागणार. इतका साधा उपाय सुचायला मला तीन वर्षं लागली, आणि इथे आयटीतले लोक मला डोकं चालवायचा पगार देतात.

डबा पोचला. बुधवारी संध्याकाळी जिंतूरच्या एसटीच्या ड्रायव्हरकाकांनी शिवाजीनगर स्टँडवर पोत्यात शिवलेलं पार्सल हातात दिलं. "नागोराव मिस्तरींनी दिलंय, आडवं धरू नको म्हणले." मी तिथेच बाकावर बसून शिवण उसवली. चिठ्ठी असेल म्हणून पोतं उलटं करून झटकलं. चिठ्ठी नव्हती. डब्यावर तुमच्या त्या पांढऱ्या ऑइलपेंटनं, गाड्यांच्या चॅसीवर लिहिता तशा अक्षरात लिहिलं होतं, "५०० ला बदल."

तीन वर्षांत तुम्ही माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. त्यातही खुशाली वगैरे काही नाही. पण डबा मी ओळखला. निळा, सोनेरी झाकणाचा. कपाटातल्या सगळ्यात वरच्या फळीवरचा. त्या डब्याला कुणी हात लावला तर तुम्ही ओरडायचात, "ते डॉक्टरांच्या मोटारीचं ऑइल हाय, तुमच्या खटाऱ्यांना नाही." ते तुम्ही माझ्या गाडीसाठी पाठवलंत. मी रडले, सांगून टाकते. शेजारी एक बाई भुईमुगाच्या शेंगा खात होत्या, त्यांनी न विचारता मला मूठभर शेंगा दिल्या.

आता गाडीबद्दल, कारण आईनं तुम्हाला नक्कीच अर्धवट सांगितलं असणार. मोटारसायकल आहे, स्कूटी नाही. दीडशे सीसी, काळी. शोरूममधल्या माणसानं विचारलं, "चालवणार कोण?" म्हटलं, मी. "म्हणजे शिकणार का आता?" मी म्हटलं, बाराव्या वर्षापासून मी ट्रॉलीसकट ट्रॅक्टर मागे घेते, तुम्हाला येतो का? त्यानं चावी काढून हातात दिली.

आज रीडिंग ४३१ आहे. पाचशेला पहिलं ऑइल बदलायचं हे मला डब्यानं सांगायची गरज नव्हती. नवं इंजिन स्वतःला घासून घेतं, तो चुरा पहिल्या ऑइलात उतरतो, हे तुम्हीच मला ऑइल चिमटीत चोळून दाखवलं होतं. कंपनीचं एक जाड पुस्तक आलंय, दोन वर्षांची वॉरंटी आहे आणि तिच्या अटी आहेत. ते वाचायचं राहिलंय. वाचीन. नागोराव घुग्यांच्या मुलीला ऑइल कसं बदलायचं हे पुस्तकानं शिकवायला नको.

डबा पलंगाखाली उभा ठेवलाय. आडवा नाही.

तुमची
श्रद्धा


विश्रांतवाडी
रविवार, २३ जुलै २००६

तीर्थरूप अण्णा,

उत्तर आलं नाही, ते अपेक्षितच होतं. आई फोनवर म्हणाली की तुम्ही पत्र वाचून दाखवलंत, पण शेंगांपर्यंत आलात आणि "पुढं काही नाही" म्हणून घडी घातलीत. पुढे बरंच होतं.

गाडी ५४० झाली. काल शनिवारी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर जाऊन आले, म्हणजे चौकशीला. तिथे सुदर्शन नावाचा सुपरवायझर आहे, शर्टाच्या खिशाला चार पेनं, लातूरकडचा आहे. मी विचारलं, ऑइल बाहेरून आणलं तर चालतं का? तो म्हणाला, "मॅडम, आमच्या काउंटरवरचं सोडून दुसरं टाकलं की वॉरंटी खल्लास." मी म्हटलं, असं कुठं लिहिलंय? तो म्हणाला, "सगळ्यांना माहितीये ते." सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टी कुठेच लिहिलेल्या नसतात हा माझा ऑफिसातला अनुभव आहे. म्हणून मग मी तिथेच बाकावर बसून ते जाड पुस्तक पहिल्यांदा उघडलं.

पुस्तकात तसं नाही अण्णा. पुस्तकात दोन गोष्टी आहेत. कंपनी स्वतःच्या ऑइलची शिफारस करते. आणि ऑइल ठरावीक ग्रेडचं, ठरावीक दर्जाचं असलंच पाहिजे असं सांगते. शिफारस वेगळी आणि अट वेगळी. सुदर्शननं दोन्हींची भेळ केली होती. त्याला पान उघडून दाखवलं तर म्हणाला, "मॅडम, तुम्ही वकील आहात का?"

तिथून शनिवार पेठेत गेले. तिथे बाळ केळकर म्हणून एकांचं नुसत्या ऑइल-ग्रीसचं दुकान आहे, माझी रूममेट नम्रता हिच्या ऑफिसातल्या कुणीतरी पत्ता दिला होता. सत्तरीचे असतील. एकला पाच मिनिटं कमी होती, त्यांनी आधी घड्याळाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. मी पुस्तक पुढे केलं आणि म्हटलं, यात बसेल असं ऑइल हवंय आणि वॉरंटीही राहायला हवी.

"पुस्तक घेऊन आलात?" चष्मा वर करून म्हणाले. "तीस वर्षांत तुम्ही दुसऱ्या. पहिला एक जर्मन होता."

मग मात्र त्यांनी शटर अर्धं ओढलं आणि मला आत बसवलं. मोटारसायकलचं ऑइल घेताना डब्यावर दोन गोष्टी बघायच्या, म्हणाले. एक, ग्रेडचा आकडा पुस्तकातल्यासारखा आहे ना. दुसरी, मागच्या बाजूला चौकटीत जासो एमए असा शिक्का. "आणि बिल घ्या, तारखेचं, तुमच्या नावाचं. ते पुस्तकात ठेवा. सर्व्हिस वेळच्या वेळी त्यांच्याकडेच करा आणि शिक्के मारून घ्या. मग तुमची वॉरंटी कुणाच्या काउंटरवर मरत नाही."

तो शिक्का कशासाठी, ते त्यांनी सांगितलं. ते पुढच्या पत्रात लिहीन, आज हात दुखतोय.

एक प्रश्न विचारायचा होता. एका मैत्रिणीच्या गाडीचा क्लच धरत नाही. होळकर पुलाचा चढ चढताना इंजिन नुसतं किंचाळतं, गाडी काही पुढे सरकत नाही. नवीन गाडी आहे. केबल तिनं ताणून बघितली. प्लेटा इतक्या लवकर जातील का? ती घाबरली आहे, म्हणून विचारते.

श्रद्धा


विश्रांतवाडी
शुक्रवार, २८ जुलै २००६

अण्णा,

पाकिटावर "फक्त नागोराव" असं लिहिलंय. हे पत्र आईला वाचून दाखवू नका. आधी एकट्यानं वाचा. मग सांगायचं वाटलं तर तुमच्या शब्दांत सांगा.

मैत्रीण वगैरे कुणी नाही. गाडी माझीच आहे.

सोळा तारखेला, रविवारी सकाळी, मी स्वतः ऑइल बदललं. रीडिंग ४९८ होतं. सतरा नंबरचा पाना, खाली परात, इंजिन दोन मिनिटं गरम करून मग बोल्ट सोडला, सगळं तुमच्यासारखं. घरमालकीण दुर्गाबाई जिन्यात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "आपण इंजिनिअर ना? मग हे काय? आणि ती परात कृपया पुन्हा स्वयंपाकघरात दिसायला नको." जुनं ऑइल मी चिमटीत चोळलं. चमचम चुरा होता. तुमचा डबा उघडला, मोजून ओतलं, आणि डब्याचं बूच लावताना मला इतका अभिमान वाटत होता की मी नम्रताकडून फोटो काढून घेतला. तो फोटो तुम्हाला पाठवायचा होता.

दोन दिवसांत क्लच सुटायला लागला.

बाळकाकांच्या दुकानात मी डबासुद्धा नेला होता. मागच्या पत्रात तेवढं गाळलं. त्यांनी डबा हातात घेतला, तुमची अक्षरं वाचली, फिरवला, मागचं बारीक अक्षर भिंगातून वाचलं. मग विचारलं, "हे कोणी दिलं?" मी म्हटलं, माझ्या वडिलांनी. मिस्तरी आहेत, ट्रॅक्टर, जीप, मोटारी करतात. म्हणाले, "वडिलांना सांगा, ऑइल उत्कृष्ट आहे. याहून चांगलं माझ्याकडे नाही. फक्त ते तुमच्या गाडीत घालायचं नाही."

मोटारीचा, ट्रॅक्टरचा क्लच वेगळ्या खोलीत कोरडा बसतो, हे तुम्हाला मी काय सांगणार. मोटारसायकलचा क्लच इंजिनाच्याच ऑइलात बुडालेला असतो. तुमचं ऑइल महागाचं आहे, पेट्रोल वाचवणारं, त्यात घर्षण कमी करणारी औषधं घातलेली आहेत. इंजिनाला ती मानवतात. पण क्लचच्या प्लेटांचं सगळं काम घर्षणावर चालतं, त्यांना ती धरूच देत नाहीत. जितकं भारी ऑइल, तितका क्लच सुटतो. तो जासो एमए शिक्का म्हणजे, या ऑइलात क्लच बुडाला तरी धरेल याची खात्री. तुमच्या डब्यावर तो नाही. तुम्ही साधं, स्वस्तातलं ऑइल पाठवलं असतं तर कदाचित काही झालं नसतं. तुम्ही फळीवरचं सगळ्यात चांगलं पाठवलंत म्हणून झालं. पुस्तकाचं ते पान झेरॉक्स करून सोबत ठेवलंय, खाली मराठीत अर्थ लिहिलाय.

आता माझी चूक. सर्व्हिस सेंटरला मी चौकशीला गेले नव्हते, गाडी घेऊन गेले होते. कंपनीतून गाडी येते तेव्हा ऑइल काढायच्या बोल्टवर पिवळ्या रंगाची रेघ ओढलेली असते. बोल्ट फिरला की रेघ तुटते. सुदर्शननं खाली वाकून बघितलं आणि विचारलं, "बोल्टला कुणी हात लावला?" आणि मी म्हणाले, "कुणी नाही."

का म्हणाले ते सांगते. त्याच्या हातातल्या जॉब कार्डावर एक ओळ होती, "बाहेरच्या मेकॅनिकने केलेले काम", आणि पुढे मेकॅनिकचं नाव आणि ऑइलचं नाव लिहायची जागा. मी खरं बोलले असते तर तिथे तुमची चूक लिहिली गेली असती, चार अनोळखी माणसांच्या समोर. तसं एकदा मी केलंय. हिंदुरावांचा ट्रॅक्टर उभा होता, त्यांची माणसं चहा पीत होती, आणि मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाची शहाणी पुढे होऊन म्हणाले होते, "अण्णा, क्लचची प्लेट उलटी बसवलीय तुम्ही." हिंदुराव खो खो हसले. आठवडी बाजारात सगळ्यांना सांगत सुटले की नागोरावची पोरगी उस्ताद आणि नागोराव तिचा शागीर्द. तुम्ही प्लेट काढलीत, सुलटी बसवलीत, हात धुतलेत, आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलला नाहीत.

प्लेट उलटीच होती अण्णा. तीन वर्षं मी मनात तेवढंच घोकत आले, की प्लेट उलटीच होती. पण तुम्हाला बाजूला घेऊन कानात सांगता आलं असतं. दहा पावलांवर पाण्याचा माठ होता, पाणी द्यायच्या निमित्तानं सांगता आलं असतं. मला तेव्हा सगळ्यांना दाखवायचं होतं की मला कळतं. त्याची माफी मागते. प्लेटची नाही.

म्हणून आता हे पत्रातून आणि बंद पाकिटातून सांगते आहे.

सुदर्शननं मला हळूच सुचवलं की तो काही लिहिणार नाही, आमचं ऑइल टाकून टाकू, तुम्ही पण बोलू नका. म्हणजे रेघ त्याला दिसली, त्यानं ओळखलं, आणि आता आम्ही दोघंही खोटारडे. मी गाडी तशीच परत आणली. ही वॉरंटी मला खोटं बोलून टिकवायची नाही. दोन वर्षांत उद्या इंजिनाचं काही निघालं आणि कुणी ती रेघ दाखवली, तर मला बोलायला तोंड नसेल. उद्या जाऊन खरं सांगणार आहे. वॉरंटी गेली तर गेली.

श्रद्धा


विश्रांतवाडी
रविवार, ६ ऑगस्ट २००६

तीर्थरूप अण्णा,

आई म्हणाली, पत्र आलं, तुम्ही एकट्यानं वाचलंत, शर्टाच्या खिशात ठेवलंत आणि दोन दिवस जेवताना बोलला नाहीत. मी ते चांगलं लक्षण समजायचं की वाईट, तेवढं कळवलंत तर बरं होईल. नाही कळवलंत तरी मी लिहीत राहणार आहे. पोस्टाची पाकिटं पंचवीस आणून ठेवली आहेत.

ते पत्र लिहिलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, सर्व्हिस सेंटर उघडायच्या आधी जाऊन उभी राहिले. सुदर्शनला म्हटलं, मागच्या आठवड्यात मी खोटं बोलले, बोल्ट उघडला होता, चुकीचं ऑइल घातलं होतं, वडिलांनी दिलेला हा डबा. तो बिचारा चार पेनांसकट गोंधळला. त्याला वाटलं मी त्याचीही तक्रार करणार. मी म्हटलं, तुमचं काही नाही, माझं कार्ड भरा. मग तो मला आत मॅनेजरकडे घेऊन गेला.

मॅनेजरनं सगळं ऐकून घेतलं आणि आधी तेच म्हणाला, "वॉरंटी व्हॉइड." मी पुस्तक उघडलं. म्हटलं, चुकीच्या ऑइलमुळे जे बिघडेल ते तुम्ही भरून देऊ नका, मान्य आहे, तसं लिहिलंच आहे. पण ऑइलमुळे काही बिघडलंय का ते आधी बघा आणि बघितलेलं लिहा. गाडी अजून साडेसातशेच्या आत आहे, पहिली सर्व्हिस वेळेत आहे, कूपन हे घ्या. त्यानं पुस्तक वाचलं. माझी खात्री आहे की तोही पहिल्यांदाच वाचत होता.

मग मी म्हटलं, ऑइल मी उभी राहून काढून घेणार. त्यांनी नाही म्हटलं नाही. तुमचं ऑइल बाहेर पडलं ते अजून स्वच्छ होतं, मधासारखं. मी चिमटीत चोळलं. चुरा जवळजवळ नव्हता. इंजिनाला काही झालेलं नाही. क्लचचं झाकण उघडून प्लेटा धुतल्या, एकही जळलेली नव्हती, कारण क्लच सुटायला लागल्यावर मी चार दिवसांत गाडी थांबवली होती. पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचं, शिक्क्याचं ऑइल भरलं. ते मी बाळकाकांकडून नेलं होतं, बिलासकट. सुदर्शननं डब्याची मागची बाजू बघितली, बिल बघितलं, आणि ते कार्डाला टाचलं.

कार्डावर शेवटी असं लिहिलं: चुकीच्या ऑइलमुळे क्लच सुटत होता, ऑइल बदलले, क्लचची जबाबदारी ग्राहकाची, इंजिन ठीक, इंजिनाची वॉरंटी कायम. खाली शिक्का. मी गाडी घेऊन होळकर पुलाचा चढ मुद्दाम तिसऱ्या गिअरमध्ये चढले. धरलं.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. कार्डावर "बाहेरच्या मेकॅनिकचे नाव" ही ओळ भरायची होती. सुदर्शन पेन घेऊन थांबला होता. म्हणाला, "वडिलांनी दिलं म्हणाला होतात ना? वडिलांचं नाव लिहू?" मी त्याच्या हातातून पेन घेतलं आणि लिहिलं, श्रद्धा नागोराव घुगे. डबा तुम्ही दिलात, पण पुस्तक न वाचता ओतलं मी. तुमचं नाव मध्ये आलं, त्याला इलाज नाही, ते माझ्या नावात कायमचं आहे.

श्रद्धा


विश्रांतवाडी
रविवार, २० ऑगस्ट २००६

अण्णा,

काल संध्याकाळी तुमचा फोन येऊन गेला. आता पत्र कशाला, असं म्हणाल. फोनवर मला नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

आधी आई बोलली. तुम्ही मागे उभे होतात हे मला पहिल्यापासून कळत होतं, कारण आई "त्यांनी, त्यांनी" म्हणत होती आणि मध्येच गप्प होत होती. तिनं सांगितलं ते मी पुन्हा लिहून काढते, म्हणजे माझ्याकडे नीट राहील.

हिंदुरावांनी अक्षय्य तृतीयेला दशरथला, त्यांच्या मुलाला, मोटारसायकल घेऊन दिली होती. दशरथची गाडी ओढत नव्हती. हिंदुराव त्याला रोज शिव्या घालत होते की तुला क्लच वापरायची अक्कल नाही. आणि त्या गाडीत तुम्ही, गावातली पहिली भारी गाडी म्हणून, खास वरच्या फळीवरचं ऑइल घातलं होतं. डॉक्टरांच्या मोटारीचं.

"मग तुझं पत्र आलं," आई म्हणाली. "तीनदा वाचलं त्यांनी. झेरॉक्सचा कागद भिंतीला चिकटवला. मंगळवारी बाजाराचा दिवस. हिंदुराव हाटेलात बसले होते, सगळी माणसं होती. हे गेले, आन् उभ्या उभ्याच बोलले."

तुम्ही काय बोललात ते तिनं तुमच्याच आवाजात सांगितलं. "हिंदुराव, पोराला बोलू नका. पोराची चूक नाही, माझी हाय. ऑइल चुकीचं टाकलं म्या. माझ्या पोरीनं पुण्याहून लिहून कळवलं. गाडी घेऊन या, मी प्लेटा धुऊन देतो."

मी विचारलं, हसले का हिंदुराव?

"हसले की. खो खो हसले. म्हणले, नागोराव, पुन्हा शागीर्द? तर हे म्हणले, व्हय. उस्ताद आपलीच हाय ना."

तेवढ्यात आईच्या हातातून रिसीव्हर गेला. मला श्वास ऐकू आला, आणि मग तुम्ही म्हणालात, "रीडिंग किती?"

मी म्हटलं, एक हजार बासष्ट.

"क्लच धरतो का?"

धरतो.

"बोल्ट खोलला तवा वॉशर नवं टाकलं होतं का?"

मी आठवून बघितलं. नव्हतं टाकलं. जुनंच बसवलं होतं.

"तांब्याचं असतं ते. एकदाच दबतं. दुसऱ्यांदा ऑइल पाझरतं. सांगितलं होतं ना तुला?"

हो अण्णा, सांगितलं होतं. मी विसरले होते. तुम्ही माझी चूक काढलीत, आणि त्यावर मला बोलताच येईना, म्हणून तुम्हाला वाटलं फोन कट झाला. कट नव्हता झाला. मी जिन्यात बसून रडत होते आणि दुर्गाबाई विचारत होत्या की आता काय सांडलं. कार्ड बघितलं, सेंटरवाल्यांनी वॉशर नवं टाकलंय. रात्री गाडीखाली वर्तमानपत्र अंथरलं होतं, सकाळी कोरडं होतं. काळजी करू नका.

दसऱ्याला गाडीवर येते. एकटी येत नाही, नम्रता मागे बसणार आहे, तिला कधीपासून ट्रॅक्टर शिकायचाय. नगरला एक मुक्काम करू, आईला सांगा घाबरू नको. दशरथसाठी बाळकाकांकडून शिक्क्याच्या ऑइलचे दोन डबे घेतले आहेत, बिल त्याच्या नावाचं केलंय. तुमचा निळा डबा परत आणतेय, रिकामा. त्यावरची तुमची अक्षरं पुसलेली नाहीत.

एक अट आहे. गाडी धुवा, झेंडूचा हार घाला, कान लावून इंजिन ऐका, हिंदुरावांना बोलावून दाखवा. पण बोल्टला हात लावायचा नाही. रेघ आता सुदर्शननं नव्यानं ओढली आहे आणि तिच्यावर माझा जीव आहे. तुमचा हात शिवशिवेल, मला माहीत आहे. खिशात घालून ठेवा.

दोन वर्षांची वॉरंटी १ जुलै २००८ ला संपते. गाडी घेऊन तुमच्याकडे यायला त्या आठवड्याच्या रजेचा अर्ज मी परवाच लिहून ठेवला, ऑफिसातला मॅनेजर हसला आणि म्हणाला दोन वर्षं आधी कोण मागतं रजा. त्या दिवसापासून पुढे ती गाडी कुठल्या सेंटरवर जाणार नाही. ऑइल पुस्तकातलं असेल, ते मी आणीन. वॉशर तुमच्याकडचं, नवं. आणि बाहेरच्या मेकॅनिकचं नाव लिहायची वेळ आली तर नागोराव घुगे असंच लिहीन.

पाया पडते.

तुमची
श्रद्धा